निळा धूर आणि मुराळी

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी संयोगिता आबांच्या फियाटमध्ये बसली आणि माहेराला निघाली. अकरा वर्षांनी. आता हे झालंच नाही असं धरून चालू. कारण त्याच दिवशी सकाळी आठला कळंब्यातल्या अंगणात असं काही होण्याचं एकही लक्षण नव्हतं. होता तो फक्त धूर. निळा, जळक्या तेलाच्या वासाचा, तीन घरांना पुरेल एवढा. त्या धुरात उदयसिंह उभा होता आणि त्याला चार हातांवर लावलेली थोरल्या भावाची नवी पांढरी मोटार दिसत नव्हती. धुराचा तेवढाच एक फायदा.

"चालू हाय न्हवं?" धुरापलीकडून आईचा आवाज आला.

"हाय की. दिसंना झालंय, पण हाय."

"मग लावते फोन."

हे रोजचंच होतं. आठाच्या ठोक्याला उदयसिंह गाडी चालू करायचा, झुंबरबाई शाहूवाडीकडं लेकीला फोन लावायच्या आणि फोन उघड्या बॉनेटपाशी धरायच्या. वीस मिनिटं. मायलेकी काही बोलायच्या नाहीत, इंजिन बोलायचं. मग पलीकडून संयोगिता म्हणायची, "बरं," आणि भाताकडं जायची. दहा महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. ग्रहणाच्या दिवशीसुद्धा गाडी चालू झाली होती, फक्त झुंबरबाईंनी फोनवर दर्भाची काडी ठेवली होती.

याचं मूळ अकरा वर्षांमागं होतं. त्या पंचमीला आबा मुराळी म्हणून निघाले, म्हणजे सणासाठी लेकीला सासरहून आणायला. हे काम खरं तर भावाचं, पण आबांनी पिराजीला नुसतं सोबतीला घेतलं. तिकडं संयोगिता पिशवी भरून सकाळपासून उंबऱ्यावर बसली. दुपार झाली, दिवस कलला, सासूनं तिच्यासमोरच रांगोळी पुसली. कुणी आलं नाही आणि कुणाचा फोनही आला नाही. गाडी बांबवड्याच्या अलीकडं इंजिन जाम होऊन उभी राहिली होती. आबा ती ट्रॅक्टरला बांधून, मान खाली घालून परत आले. लेकीला आता काय सांगावं, याचा विचार त्यांनी त्या रात्री सुरू केला आणि तो त्यांना मरेपर्यंत पुरला.

लेक आबांचीच. गाडी बंद पडल्याचं परक्याकडनं कळलं तसा तिनं निरोप धाडला की आता न्यायला याल तर ह्याच गाडीतनं या, न्हाईतर येऊ नका. चार वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हा ती एस.टी.नं आली आणि एस.टी.नंच गेली. पाणीसुद्धा शेजारच्या बनाबाईंकडं प्याली. "मी मयताला आलीया," ती म्हणाली, "माहेरी न्हाय."

गेल्या वर्षी उदयसिंहनं उद्यमनगरातल्या अंबादास मिस्त्रीकडनं इंजिन नव्यानं बांधून घेतलं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, सिलिंडर घासून नवे. गाडी घरी आली तेव्हा आवाज सतारीसारखा होता. दिवाळीला आक्काला आणायचं ठरलं, पण तोवर धूर सुरू झाला. मग संक्रांत ठरली, मग पाडवा. धूर दर सणाला वाढत गेला. दुसरा मिस्त्री घरी बोलवून व्हॉल्व्हचे गाईड बदलून झाले, जाड ऑईल घालून झालं, झुंबरबाईंनी लिंबू-मिरची बांधली तीही आता निळसर पडली होती.

"उदय," धूर थोडा विरळ झाल्यावर पिराजी म्हणाला. तो जयसिंगपूरहून भल्या सकाळी आला होता आणि शर्टाच्या बाहीनं आपल्या गाडीची काच पुसत होता. "आता बास कर. ही घेऊन जाऊ. आत एशी हाय, पाय पसरून बसंल ती."

"आक्कानं काय सांगितलंय ते ठाव हाय न्हवं तुला?"

"अकरा वर्षांमागं सांगितलंय. अकरा वर्षांत माणूस इसरतंय."

"आक्का इसरंल?"

पिराजी परत काच पुसू लागला. संयोगिता विसरेल असं म्हणायचं धाडस त्या घरात फक्त आबांत होतं, आणि तेही एकदाच.

"माझं वय झालं बाबा," झुंबरबाई अचानक म्हणाल्या. त्यांनी फोन बॉनेटच्या कडेला ठेवला होता. "गाडी कुठली का असंना. पिराजीच्या गाडीनं जावा. मी तिच्या पाया पडते म्हणावं."

उदयसिंहला वाटलं, पायाखालचा जॅक कुणीतरी काढला. दहा महिने आई त्याच्या बाजूला होती. त्यानं बायकोकडं पाहिलं. वर्षाराणी कडेला उभी राहून पदरानं धूर वारत होती.

"तुझं काय म्हणणं हाय?"

"भावजींचं बरोबर हाय," ती म्हणाली. "ह्या गाडीनं गेलासा तर रस्त्यात लोक बंब बोलवतील."

तीन विरुद्ध एक. उदयसिंहनं गाडी बंद केली. ती बंद होताना एकदा खोकली, म्हणजे तिचंही मत कळलं. आणि नेमकं तेव्हाच फाटकातून जुन्या लुनावर अंबादास मिस्त्री आत आले. हँडलला पिशवी, खिशात दाब मोजायचं घड्याळ.

उदयसिंहचा चेहरा पडला. मिस्त्रींना बोलवायचं त्यानं दहा महिने टाळलं होतं, कारण ते जे विचारणार त्याचं उत्तर त्याच्याकडं होतं.

"ह्यांना कुणी सांगितलं?"

"मी, कालच," वर्षाराणी म्हणाली. "भावजींचं बरोबर हाय म्हणाले, पण मला आवडलं असं कुठं म्हणाले?"

मिस्त्रींनी आधी मागं जाऊन धुरांड्याच्या नळीत बोट फिरवलं आणि ते हुंगलं. मग चारी प्लग काढून ओळीनं फरशीवर मांडले. चारीही काळे, ओले, तळून काढल्यासारखे. एका भोकात घड्याळ घट्ट बसवलं आणि उदयसिंहला नुसता स्टार्टर मारायला लावला.

"ऐंशी," त्यांनी वाचलं. "वहिनी, घरात आमटीचा चमचा हाय काय? परत मिळणार न्हाय असं समजून द्या."

वर्षाराणीनं चमचा आणला. मिस्त्रींनी चमचाभर ऑईल त्या भोकात सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला सांगितलं. काटा वर गेला.

"एकशे तीस. बघितलासा? ऑईलनं फट बुजली तशी दाब वाढला. म्हंजे व्हॉल्व्ह बरोबर हायेत. रिंगा बसल्या न्हाईत." त्यांनी हात पुसले. "गाडी किती चालली?"

"दहा महिने झाले."

"किलोमीटर विचारलं मी."

उदयसिंहनं खिडकीतून डोकं घालून मीटर पाहिला, जणू तो त्याला पाठ नव्हता. "नऊ."

"नऊ हजार?"

"नऊ."

कुठंतरी दूध तापल्याचा वास आला.

"त्यातले सात माझ्या दारातनं तुमच्या दारापर्यंतचे," मिस्त्री म्हणाले. "उरलेले दोन कुठं गेलासा?"

"इथंच. पुढं-मागं. दसऱ्याला पूजेसाठी जरा पुढं घेतलेली."

"आणि रोज?"

"रोज चालू करतो की. वीस मिनिटं. एक दिवस चुकला न्हाय."

"जाग्यावर?"

"जाग्यावर. आक्काला आणायच्या आधी झिजायला नको म्हणून जपून..."

मिस्त्री फियाटच्या मडगार्डवर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "उदयराव, नव्या सिलिंडरला आतनं बारीक रेघा पाडलेल्या असत्यात. त्या रेघांवर रिंगा ताकदीनं घासल्या म्हंजे दोघं एकमेकाला बसत्यात. नवी सून आन् सासू असत्यात तसं. पयल्या महिन्यात भांडण झालं तर जन्माचं जमतंय. तुम्ही त्यांना दहा महिने नुसतं समोरासमोर बसवून ठेवलंसा. भांडण न्हाय, काय न्हाय. वरनं काचेगत गुळगुळीत थर धरला. आता ऑईल त्याच्यावरनं सरकत वर जातंय आन् जळतंय."

झुंबरबाई आणि वर्षाराणी यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींना आपापला पहिला महिना आठवला.

"म्हंजे जपून ठेवली म्हणून बिघडली?" पिराजीनं विचारलं.

"जपून ठेवली म्हणून."

"म्हंजे मीच बिघडवली," झुंबरबाई म्हणाल्या. "रोज मीच चालू करायला लावत हुते. तिला आवाज ऐकायचा असायचा."

"आई," बॉनेटच्या कडेवरून आवाज आला.

सगळे दचकले. फोन अजून चालूच होता. सगळं ऐकून घेतलेली संयोगिता म्हणाली, "गाडी का बंद केलासा?"

"मिस्त्री बघालाय गं."

"बघू दे. मी काय उंबऱ्यावर बसलेली न्हाय." आणि फोन बंद झाला.

उदयसिंहला आक्काचा हा आवाज माहीत होता. लहानपणी जत्रेत हरवली होती तेव्हा सापडल्यावर ती अशीच म्हणाली होती की मी काय हरवले न्हाय, मी इथंच हुते. तेव्हा तिनं आबांचं धोतर दोन्ही मुठींत धरलं होतं.

"मिस्त्री, आजच्या आज काय होतंय सांगा."

"खोलून परत घासायचं तर आठ दिवस."

"पंचमी उद्या हाय."

"पंचमीला मी काय सांगू?" मिस्त्रींनी दाढी खाजवली. "एक हाय. बसंल असं न्हाय, पण बसायची असली तर अशीच बसंल. जाड ऑईल काढायचं, साधं घालायचं. मग चढ पायजे आणि वजन पायजे. तिसऱ्या गिअरात पाय दाबून वर न्यायची, मग पाय सोडायचा, परत दाबायचा. दया करायची न्हाय. ती किंचाळली तरी करायची न्हाय. वाघबीळावरनं पन्हाळ्याला तीनदा चढवा."

"वजन किती?"

"चारशे किलो तरी."

म्हशीच्या पेंडीची दोन पोती डिकीत गेली. तिसरं मागच्या सीटवर. वर्षाराणी बसली. झुंबरबाई पुढं बसल्या, पण त्या चाळीस किलोच्या वर कधी गेल्याच नव्हत्या, म्हणून त्यांच्या पायाशी पाटा ठेवला. तरी कमीच. मग सगळ्यांची नजर हळूहळू पिराजीकडं वळली. पिराजी एकशे आठ किलोचा होता. घरच्या कामात इतक्या वर्षांत त्याची पहिल्यांदाच गरज लागली होती.

"मी माझ्या गाडीतनं मागनं येतो की."

"मागनं वजन लागत न्हाय," मिस्त्री म्हणाले आणि ऑईलचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. "दर चढाला ऑईलची काडी बघा. आणि मी काय येत न्हाय बरं. मला धूर सोसत न्हाय."

पहिल्या चढाला धूर एवढा झाला की मागची मोटारसायकल थांबली, मग ट्रक थांबला, मग पर्यटकांची एक बस थांबून लोक फोटो काढू लागले.

"पावणं, गाडी पेटलीया," ट्रकवाला ओरडला.

"पेटली न्हाय. बसालीया," उदयसिंह म्हणाला आणि पाय दाबला. इंजिन असं रडलं की त्याचे दात दुखले. दहा महिने तो ज्या आवाजाला झोपेतसुद्धा जपत होता, त्याच्या उरावर तो आता स्वतः बसला होता. माथ्यावर धुकं होतं. धुकं आणि धूर यांत फरक करायचं काम वर्षाराणीकडं दिलं होतं. ती मागच्या काचेतून बघत होती.

"हाय," ती म्हणाली. "हाय. अजून हाय. आता ते धुकं असावं. न्हाय, धूरच हाय."

दुसऱ्या चढानंतर माथ्यावर थांबून पिराजीनं काडी काढली, पुसली, परत बुडवून काढली. आणि काडीकडं बघतच बोलला.

"त्या दिवशी गाडी मी चालवत हुतो."

कुणी विचारलं नव्हतं.

"आबांना झोप लागलेली. ऑईलचा लाल दिवा लागला. मला वाटलं, आता थांबलो तर उशीर होईल. पुढं थांबू. मग पुढं." त्यानं काडी परत आत घातली. "आबा म्हणाले, कुणाला सांगू नको, मी बघतो. मग ते काय बघितले न्हाईत. मग मला सांगायचंच राहिलं."

उदयसिंहला आता पांढऱ्या मोटारीचं सगळं कळलं. भावाला एशीची हौस नव्हती. ही फियाट त्या दारात जायला त्याला नकोच होती. त्याला चिडायचं होतं, शब्दही जमले होते, पण पिराजीच्या शर्टावर ऑईलचा डाग पडला होता आणि तो लपवायला त्यानं हातही वर केला नव्हता. मागं वर्षाराणी पेंडीच्या पोत्याला टेकून होती. दोघं भाऊ झुंबरबाईंकडं बघत राहिले.

झुंबरबाईंनी बराच वेळ पाट्यावर पाय हलवले. "मग आता काडी तूच बघ," त्या म्हणाल्या. "परत जाईस्तवर. दर धा मैलाला. आणि दिवा लागला तर वरडायचं, गाडी थांबली न्हाय तर गाडीतनं उडी मारून वरडायचं."

"व्हय आई."

तिसऱ्या चढाच्या मध्यावर त्यांनी फोन लावला आणि न बोलता डॅशबोर्डपाशी धरला. इंजिन तिसऱ्या गिअरात ओरडत होतं. मग संयोगिता म्हणाली, "आज आवाज येगळा येतोय."

"व्हय."

"हालतीया काय?"

"चढालीया."

फोनमध्ये भातातल्या पाण्याचा आवाज आला, किंवा ती फक्त श्वास घेत होती. उदयसिंहनं पाय सोडला, परत दाबला.

"कोण चालवतंय?"

"उदय."

"आन् पिराजीदादा?"

"ऑईल बघतोय."

वर्षाराणीनं मागून वाकून फोनची रेंज बघितली. "मी काय वाट बघत न्हाय, सांगून ठेवते," संयोगिता शेवटी म्हणाली.

"बरं," झुंबरबाई म्हणाल्या. रोज लेक म्हणायची तसंच.

"अहो," मागून वर्षाराणी म्हणाली. "मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतोय."

माथ्यावरनं गाडी तशीच शाहूवाडीला निघाली. उंबऱ्यावर संयोगिता खरंच बसलेली नव्हती. घरापासून अडीच किलोमीटर पुढं, डांबरी रस्त्याच्या फाट्यावर, एस.टी.च्या शेडमध्ये बसलेली होती. पायाला पोटरीपर्यंत चिखल, मांडीवर पिशवी. शेजारी तिचे मालक मोटारसायकलला टेकून उभे. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी थांबली तरी ती उठली नाही. आईकडं बघितलं नाही, भावांकडं बघितलं नाही. चालत मागं गेली आणि धुरांड्याच्या नळीकडं बघत उभी राहिली.

"धूर हाय की अजून."

"थोडा," उदयसिंह म्हणाला. "मिस्त्री म्हणाले, पाचशे किलोमीटर अशीच दाबून चालवली तर जाईल."

"थोडा असू दे."

आत जागा नव्हती. पेंडीची तिन्ही पोती तिच्या मालकांना देण्यात आली. माहेरहून पंचमीला पेंड आलेली ती त्या पंचक्रोशीतली पहिलीच सून असावी. मालकांनी तक्रार केली नाही. "म्हशी खूश होतील," ते म्हणाले.

ती मागं बसायला वाकली तेव्हा पिराजीनं डबा छातीशी धरला. "संयू, त्या दिवशी गाडी मी चालवत हुतो. दिवा लागलेला. मी थांबलो न्हाय."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"न्हाय."

"अकरा वर्षं."

"व्हय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या शर्टावरचा डाग, त्याचं पोट, पिकलेल्या मिशा. शेवटचं नीट बघितलं होतं तेव्हा त्या काळ्या होत्या. तिनं त्याच्या छातीशी धरलेला डबा घेतला आणि आपल्या पायांशी ठेवला.

"सरक तिकडं," ती म्हणाली.

गाडी परतीला लागली. झुंबरबाईंनी मागं न बघता हात मागं केला होता आणि तो संयोगितानं धरला होता. खिडकी खाली करायची मूठ आबांच्या वेळेपासून सैल होती. ती तिनं एकदा फिरवली, परत फिरवली, आणि मग डोळे मिटले. उदयसिंहनं आरशात बघितलं. ती झोपलेली नव्हती. आवाज ऐकत होती, रोज आठला ऐकायची तसा. फक्त आज आवाजाच्या आत बसून.

"किती राहिलं?" बांबवडं मागं पडल्यावर तिनं विचारलं.

"तीसेक किलोमीटर."

"एवढंच?"

परवा तिला परतायचं होतं. भाताची भांगलण थांबत नाही. उदयसिंहनं हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. त्याला वाटलं, जरा हळू घ्यावी, दुसऱ्या गिअरात, बैलगाडीच्या मागं मागं. पण मिस्त्रींचा हुकूम उलटा होता. हळू घेतली तर रिंगा बसणार नव्हत्या, धूर जाणार नव्हता आणि पुढच्या पंचमीला पुन्हा हेच. गाडी वाचवायची तर पाय दाबायचा. पाय दाबला की आक्काचं माहेर लवकर यायचं आणि लवकर संपायचं.

त्यानं पाय दाबला. उसाचे पट्टे मागं पळू लागले. जिल्हा परिषदेत बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर आवक क्रमांक टाकणारा तो माणूस आयुष्यातला पहिला स्वतःचा अर्ज मनातल्या मनात लिहू लागला:

प्रति, मा. कार्यकारी अभियंता (रस्ते) यांचे सेवेशी. विषय: शाहूवाडी ते कोल्हापूर रस्त्याची लांबी वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर रस्ता सुस्थितीत असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि अर्जदाराच्या बहिणीस माहेरी आणण्याच्या कामी तो अत्यंत अपुरा पडत आहे. इंजिनच्या रिंगा बसण्यास पाचशे किलोमीटर लागतात, असा मिस्त्रींचा अभिप्राय आहे. अर्जदारास त्याहून अधिक लागतील. वाढीव लांबीत घाट, वळणे अथवा खड्डे असल्यास हरकत नाही. तरी प्रकरणाची निकड लक्षात घेऊन सदर रस्ता आजच, सूर्यास्तापूर्वी, आणि शक्यतो पुढील वळणाच्या आत वाढवून मिळावा, ही नम्र विनंती.